झाकणातलं नाव

मी एक जेवणाचा डबा बोलतोय. काळ्या पत्र्याचा, घुमटासारख्या झाकणाचा, झाकणात थर्मास अडकवायला तारेची कडी असलेला. गेल्या ऑक्टोबरात आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक टीव्हीवर मी दिवसातून नऊ-नऊ वेळा दिसत होतो. एवढं नाव झालं की म्हणे आनंद होतो. मला काही झालं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो, तसा मी झालो होतो. कुणी हात लावला तर कळायचं, पण तो आपल्याला लावलाय असं वाटायचं नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला नीट आठवत नाही. दाबयंत्राखालून दिवसाला माझ्यासारखे हजार निघत. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते पेनसिल्व्हेनियातल्या कार्व्हर्स फोर्ज गावात, एमिल हुडाक नावाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने मला दुकानाच्या फळीवरून उचललं तेव्हा. त्याला त्याच दिवशी नदीकाठच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागली होती.

त्या कारखान्यात एक रीत होती. जेवणाच्या बाकावर चाळीस डबे ओळीने ठेवलेले, सगळे काळे, सगळे एकाच दुकानातले. बाहेरून लिहिलेलं नाव भट्टीच्या धगीने आणि तेलकट हातांनी महिनाभरात उडून जाई. म्हणून प्रत्येक जण डबा नवा असतानाच झाकणाच्या आत खिळ्याने आपलं नाव कोरून ठेवी. एमिलनेही कोरलं, ‘ई. हुडाक’. जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर जरा वर चढलं. बाहेरून आम्ही सगळे सारखे, पण आत प्रत्येकाचा धनी वेगळा.

पुढे एमिलने रेजिनाशी लग्न केलं आणि मला चांगले दिवस आले. सॉसेजचं सँडविच, लोणच्यातली काकडी, आणि गुरुवारी कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भात. एमिलच्या शेजारी वॉल्ट सोबचाक बसायचा. त्याचं लक्ष स्वतःच्या डब्यापेक्षा माझ्यावर जास्त. चौदा वर्षं त्या माणसाने दर गुरुवारी माझ्यातला एक घास खाल्ला आणि दर गुरुवारी म्हणाला, “हुडाक, तुझ्या बायकोने माझ्याशी लग्न करायला हवं होतं.”

मग कारखाना बंद झाला. त्या दिवशी एमिलने मला घरी आणून टेबलावर ठेवलं तेव्हा सँडविच तसंच होतं. रेजिनाने ते काढलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. पुढे बावीस वर्षं एमिल शाळेत झाडलोट करायला गेला, तेव्हाही मीच सोबत. तो कमी बोलायला लागला होता. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो रागावलाही नाही. तीन वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने तो गेला आणि मी फ्रिजच्या माथ्यावर जाऊन बसलो.

गेल्या मे महिन्यात आमच्या दारात क्लेटन रॅम्सी आला. नोव्हेंबरात मधली निवडणूक होती, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडायचा नसतो ती. अर्धे लोक तिच्याकडे फिरकतच नाहीत. क्लेटनला राजधानीतल्या मोठ्या सभागृहात जायचं होतं. जुन्या वळणाच्या लोकांचा, देवाधर्माचा आणि कष्टकऱ्यांचा माणूस अशी त्याची ओळख पोस्टरवर छापलेली. वडिलांची मोटारविक्रीची अकरा दुकानं होती, ते मात्र पोस्टरवर नव्हतं. माणूस वाईट नव्हता. रेजिनाने केलेली अक्रोडाचं सारण भरलेली गोड पावाची गुंडाळी त्याने दोनदा मागून खाल्ली.

त्याच्याबरोबर जोआन पिकेट होती. काय बोलायचं, कुठे बोलायचं, कुठे डोळे पुसायचे, हे सगळं ठरवणारी बाई. स्वतः खाणकामगाराची मुलगी. तिची नजर स्वयंपाकघरभर फिरली आणि फ्रिजवर येऊन थांबली.

“मिसेस हुडाक, तो डबा कुणाचा?”

“माझ्या नवऱ्याचा.”

जोआनने मला खाली काढलं, उघडलं, आत बघितलं. मग क्लेटनकडे बघून म्हणाली, “तुझं भाषण फाडून टाक. भाषण हे आहे.”

रेजिनाने बराच वेळ हात पुसले. “देते मी,” ती म्हणाली. “पण एक आहे. त्याचं नाव घ्यायचं. कारखाना गेला तेव्हा पेपरात ‘तेराशे कामगार’ असं छापून आलं होतं. तो गेला तेव्हा तर तेवढंही आलं नाही. एकदा कुणीतरी मोठ्याने त्याचं नाव घ्यावं. मला बाकी काही नको.”

“प्रत्येक सभेत घेईन,” क्लेटन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तेव्हा जोआनने त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

पहिल्या सभेत त्याने शब्द पाळला. मला डोक्यावर धरून तो ओरडला, “हा एमिल हुडाकचा डबा! हा रोज भरलेला असायचा. तो रिकामा कुणी केला? राजधानीत बसून आपल्यावर हसणाऱ्यांनी!” लोक उठून उभे राहिले. ते नाव भोंग्यातून त्या मैदानावर घुमलं तेव्हा माझ्या पत्र्याला शहारा आला. काही वाटलं असं ते शेवटचंच.

मागणी वाढली. एका संध्याकाळी क्लेटनची एका जिल्ह्यात सभा, त्याच्या बायकोची दुसऱ्यात. डबा एक, सभा दोन. जोआनने नाटकाचं सामान बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे मला पाठवून माझी नक्कल करून घेतली. कारागीर इमानदार निघाला. माझा प्रत्येक ओरखडा त्याने त्याच्या जागी उमटवला, पत्र्याला तेलही चोळलं. झाकण उघडून आतलं नावसुद्धा कोरलं, शेवटचं अक्षर वर चढवून. नक्कल बायकोबरोबर गेली, मी क्लेटनकडे राहिलो.

ऑगस्टमध्ये मला एका हॉटेलच्या खोलीत नेलं. लांब टेबलाभोवती चाचणीसाठी बोलावलेले बारा मतदार बसले होते, प्रत्येकाच्या हातात एक छोटी चकती. भाषण आवडलं की चकती उजवीकडे फिरवायची, नाही आवडलं की डावीकडे. जोआन काचेमागे बसून आकडे बघत होती. ‘त्यांनी तुमचं काम नेलं’ म्हटलं की आकडा वर. ‘धोरण’ म्हटलं की खाली. ‘ते’ हा शब्द आला की पुन्हा वर. ते म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. आणि ‘एमिल हुडाक’ म्हटल्याबरोबर आकडा अठ्ठ्याहत्तरवरून एक्केचाळीसवर आला.

“नाव काढा,” जोआन म्हणाली.

क्लेटन चुळबुळला. “अगं, मी त्या बाईंना शब्द दिलाय.”

“मला माहितीये, मी तिथेच होते. पण नाव घेतलं की लोकांना त्या माणसाची काळजी वाटायला लागते. तो कसा होता, मुलं किती, कशाने गेला. काळजी वाटणारा माणूस घरी जाऊन आईला फोन करतो. मधल्या निवडणुकीला सुखी माणूस येत नाही, दुःखी माणूसही येत नाही. चिडलेलाच तेवढा रांगेत उभा राहतो. आपल्याला रांग हवीये ना?”

“हवीये.”

“मग ‘आपल्या बापजाद्यांचा डबा’ म्हण. त्याला त्र्याऐंशी आहेत.”

जाहिरातीचं चित्रण होतं तेव्हा क्लेटनला मला उघडून रिकामा दाखवायचं होतं. कॅमेऱ्यात झाकणातलं नाव दिसत होतं. जोआनच्या एका मदतनिसाने पॉलिशपेपर घेऊन ते घासून काढलं. काम दहा मिनिटांचं होतं. मग कुणीतरी म्हणालं की डबा टीव्हीवर फार धडधाकट दिसतोय, म्हणून मागच्या अंगणात नेऊन त्या मदतनिसाने मला हातोडीने चार पोचे पाडले. एमिलने मला जन्मभर जपून वापरलं होतं, ते या कामी गैरसोयीचं ठरलं. शेवटी दर्शनी बाजूला झेंड्याचं चित्र चिकटवलं. मला दुखलं नाही. मी फक्त मोजत होतो. चार.

निवडणुकीला चार दिवस राहिले असताना कार्व्हर्स फोर्जच्याच अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण आणि सभा ठरली. जेवणात पिरोगी, म्हणजे बटाटा-चीज भरून उकडलेल्या करंज्या. गावातल्या बायका सकाळपासून कडा दाबत बसल्या होत्या, त्यात रेजिनाही होती. आज तरी नाव घेतलं जाईल म्हणून ती निळा ड्रेस घालून आली होती, वर एप्रन. भाषण सुरू झाल्यावर ती पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली.

क्लेटन रंगात आला होता. मला उंच धरून त्याने बापजाद्यांपर्यंत गाडी नीट आणली. आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला! “हा डबा माझ्या वडिलांचा!” तो म्हणाला. “ते याच खोऱ्यात घाम गाळून मेले!”

हॉल उठून उभा राहिला. टाळ्या थांबेनात. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना त्याचे वडील माहीत होते. वॉल्ट सोबचाकने तर त्यांच्याकडूनच ट्रक घेतला होता आणि गिअर खराब निघाला म्हणून वर्षभर भांडला होता. वॉल्टही उभा राहून टाळ्या वाजवत होता.

सभा संपल्यावर रेजिना त्याच्याजवळ गेली. “वॉल्ट, तू टाळ्या वाजवल्यास?”

“अगं, तसं नाही... सगळेच वाजवत होते.”

“चौदा वर्षं दर गुरुवारी माझ्या हातचं खाल्लंस त्या डब्यातून.”

“म्हणून काय झालं? तो आपल्या बाजूने बोलतोय, रेजिना. कुणी बोललं होतं का इतकी वर्षं? तपशिलाचं काय घेऊन बसलीस!” त्याचा आवाज चढला, मग बसला. त्याने टोपी घातली, काढली, परत घातली.

रेजिना तडक मागच्या खोलीत आली. तिथे बंबवाल्यांचे जाड कोट टांगलेले, मधल्या टेबलावर मी. माझ्याशेजारी माझी नक्कल. क्लेटनची बायको दुसऱ्या जिल्ह्यातून नुकतीच ती घेऊन परतली होती.

“माझा डबा द्या.”

क्लेटनने मान खाली घातली. “बाई, चुकलं माझं. बोलण्याच्या भरात जीभ घसरली.”

“जीभ तुमची. डबा माझा.”

“फक्त चार दिवस थांबा, मिसेस हुडाक,” जोआन म्हणाली. “मी स्वतः घरी आणून देते.”

“तुम्ही मागितलंत ते मी मे महिन्यात दिलं. मी मागितलेलं एकच होतं.”

रेजिना टेबलाजवळ आली आणि दोन डबे बघून थबकली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ती वस्तू फार जवळ नेऊन बघते. आधी तिने मला उचललं. झेंड्यावरून बोट फिरवलं, एकेका पोच्यात अंगठा घालून पाहिला. मग झाकण उघडलं. आत लख्ख घासलेला पत्रा. तिने मला खाली ठेवलं, एखाद्या परक्या घरातली वस्तू ठेवावी तसं, जपून आणि लगेच.

मग तिने दुसरा उघडला. ‘ई. हुडाक’. वर चढलेलं शेवटचं अक्षर. त्यावर तिने पिठाचं बोट ठेवलं आणि तिचा चेहरा सैल पडला.

“हलका लागतोय,” ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “मी त्याला नेहमी भरूनच द्यायचे ना.” तिने जोआनकडे पाहिलं. “हाच ना?”

जोआनने तोंड उघडलं. तिची नजर माझ्यावर आली. जाहिरात माझी होती, उरलेल्या चार दिवसांच्या अकरा सभा माझ्या होत्या. मी रेजिनाला ओरडून सांगितलं असतं, पण पत्र्याला तोंड कुठलं! मला घरी जायचं होतं. इतक्या महिन्यांत मला काही हवं असं ते एवढंच होतं.

“हो, बाई,” जोआन म्हणाली. “हाच.”

रेजिनाने एप्रनमध्ये गुंडाळून ती नक्कल नेली. जोआन नंतर बराच वेळ त्या कोटांकडे तोंड करून उभी होती.

क्लेटन जिंकला. कार्व्हर्स फोर्जमध्ये मधल्या निवडणुकीला एवढी रांग कुणी पाहिली नव्हती म्हणतात. आता मी राजधानीत त्याच्या कचेरीत काचेच्या कपाटात आहे. आत छोटा दिवा आहे, खाली पितळी पट्टी आहे. तिच्यावर ‘कष्टकऱ्याचा डबा’ असं लिहिलंय. भेटायला येणारे विचारतात, तेव्हा क्लेटन सांगतो, “माझ्या वडिलांचा.” त्याचा आवाज खरोखरच दाटून येतो. मला वाटतं, आता त्याला ते खरंच वाटतं. रोज सांगितलं की होतं तसं.

रेजिनावर माझा राग नाही. त्या फ्रिजवर आता दुसरा आहे. ती त्याला पुसत असेल, गुरुवारी त्याच्याशी दोन शब्द बोलत असेल. बोलू दे. तिच्याजवळ नाव आहे, माझ्याजवळ नुसतं आयुष्य.

तुम्हाला एकच विनंती. कुठल्याही पक्षाच्या मंचावर कुणी एखादी जुनी वस्तू उंच धरली, तर टाळ्या जरूर वाजवा, हात तुमचे आहेत. पण आधी विचारा, ही कुणाची? बापजाद्यांची नको, कष्टकऱ्याची नको. एका माणसाचं नाव मागा, आणि ते मिळेपर्यंत बसून राहा.

माझ्या धन्याचं नाव एमिल हुडाक. या कचेरीत हे नाव अजून कुणी उच्चारलेलं नाही. काचेच्या आतून मी ते रोज एकदा घेतो. काच जाड आहे.