ट्रेलरमागचे टाळ

महादेवरावांनी मोगऱ्याचा हार काचेच्या आतून बांधला आणि इंजिनच्या तेलाचा दाब दाखवणारा काटा पुरता झाकला जाईल एवढा खाली ओढला. काटा सारखा डोळ्यांपुढे असला की आपले हात कापतात, हे त्यांना ठाऊक होतं. पातूर मागे पडलं होतं, घाट समोर होता आणि ट्रकमागच्या ट्रेलरवर वाशीमच्या कापसाच्या जिनिंगचा बॉयलर.

नत्थुजी, त्यांच्या बायकोचा, गोदाबाईचा धाकटा भाऊ, खाली उतरला होता. चढावर त्यानं ट्रेलरमागून चालायचं आणि गाडी थांबली की खांद्याला अडकवलेला लाकडी ठोकळा चाकाखाली सारायचा. कॅबिनमधून तो दिसत नसे, म्हणून चालताना कीर्तनातले टाळ वाजवी. टाळ ऐकू येतात तोवर नत्थू शाबूत.

आदल्या दिवशी अकोल्याच्या गॅरेजात धर्मपाल मिस्त्रीनं तेल दोन बोटांत चोळून दाखवलं होतं.

"रिकाम्या गाडीले ऑइल कूलर नाही लागत, दादा. पन मांगं बॉयलर, पहिला गेर, अन् हे ऊन. तेल पान्यासारखं पातय होईन. इंजिन जाम होईन. लष्करी मोडीतला कूलर हाय माह्यापाशी. दोन रोज थांबा, बसवून देतो."

महादेवराव घुटमळले. उशीर झाला तर जिनवाला दुसरी गाडी करणार होता. हसला तो नत्थुजी.

"आमच्या भाऊजीच्या गाडीत देव बसते, मिस्त्री. तुह्या कूलरले जागा कुठं हाय?"

"देवाले मांगं नाही चालाचं," धर्मपाल हात पुसत म्हणाला. "तुले चालाचं हाय."

नत्थुजी आणखीच हसला. त्या हसण्याच्या आधारावर महादेवराव आज निघाले होते.

दुसऱ्या वळणानंतर इंजिनाचा आवाज बदलला. घशात काही अडकावं तसा. कॅबिनमध्ये जळक्या तेलाचा वास भरला. महादेवरावांनी अभंग धरला, पण पहिल्याच चरणावर तो सुटला. हाराकडे त्यांनी पाहिलं नाही. कान मागे लावले.

टाळ वाजत होते. छन्, छन्छन्, छन्.

गेली कितीतरी वर्षं त्यांनी नत्थूचे टाळ ऐकले होते. कीर्तनकार बुवा निरूपणात कुठंही भरकटोत, नत्थूचा ठेका त्यांना बरोबर अभंगाच्या दारात आणून सोडी. आणि आता खड्डा आला की छन्छन्छन्, रस्ता सरळ झाला की नुसतंच छन्.

हा नत्थूचा हात नव्हता.

पडला की काय? चाकाखाली? गोदाबाईनं निघताना भावाच्या कपाळाला लावलेला बुक्का त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी ब्रेक दाबला.

"नत्थू, ठोकळा!"

कुणी ओ दिली नाही. बॉयलरच्या वजनानं गाडी वीतभर मागे सरकली. त्यांनी ब्रेकवर सगळा भार टाकला. आणखी वीतभर. मग धावत येणारी पावलं, लाकडाचा दणका, आणि गाडी थांबली.

हँडब्रेक ओढून, इंजिन चालूच ठेवून ते मागे गेले. नत्थुजी चाकापाशी बसून धापा टाकत होता. पार वरच्या कडेला, ट्रेलरच्या वाटेपासून दूर, पळसाखाली, त्याची टोपी पडली होती. आणि टाळ ट्रेलरच्या हुकाला बांधलेले, अजून हलत होते.

नत्थुजीनं त्यांची नजर कुठं गेली ते पाहिलं.

"भाऊजी, मांगं चालवेना मले," तो म्हणाला. "पाय मांगंच येत न्हवते. टाळ बांधून कडेनं चालत होतो."

महादेवरावांनी त्याचा दंड धरून त्याला कॅबिनपाशी आणलं, दार उघडलं आणि हार बाजूला केला. काटा तळाशी टेकून पुन्हा वर येत होता.

नत्थुजी काट्याकडे पाहत राहिला, मग हाराकडे.

"कवापासून झाकला?"

"पातूरपासून."

महादेवरावांनी इंजिन बंद केलं. घाट एकदम शांत झाला; हुकावरचे टाळही थांबले.

"ट्रेलर इथंच सोडू," ते म्हणाले. "धर्मपालकडं जाऊ."

"अन् जिनवाला?"

"करू दे दुसरी गाडी."

नत्थुजी टाळ सोडायला मागे गेला. महादेवरावांनी हार काढला, चाकापाशी वाकले आणि त्या ओबडधोबड ठोकळ्याला घातला. मग तिथंच, भर उन्हात, हात जोडून उभे राहिले.