शिसं मुरलेली जमीन

धाकटी तळघरात राहायची. एकच खोली, एकच खिडकी, आणि तिच्यातून दिसायचे ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय. भिंतींना बारा महिने ओल. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. "दिवसभर लोकांना वर चढवतो आणि झोपायला जमिनीखाली येतो," असं तो हसत सांगायचा. त्यांच्या लहानग्या मुलीला, पिटुकलीला, दम लागायला लागला, तेव्हापासून त्याने हे बोलणं सोडलं.

डॉक्टर दर खेपेला तेच सांगायचे: औषध देतो, पण आधी खोली बदला. खोली बदलणं हातात असतं तर डॉक्टरांनी सांगायची वाट कोणी पाहिली असती?

गावाबाहेर बॅटरीचा एक जुना कारखाना बंद पडला होता. त्या जागेवर स्वस्त घरांची वसाहत होणार होती आणि सोडतीत त्यांचा नंबर लागला. तिसरा मजला, दोन खिडक्या. शाळेचे गणवेश शिवता शिवता धाकटी मनातल्या मनात त्या घरात सामान लावायची. पिटुकलीचा पलंग खिडकीपाशी, मशीन दाराशी.

मग कळलं की पालिकेच्या आरोग्य खात्याने परवानगी अडवली. मातीत शिसं सापडलं होतं. आणि ती माती तपासणारी अधिकारी होती धाकटीची सख्खी ताई.

आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं होतं. वेण्या घातल्या, शिवणकाम शिकवलं, लग्न लावून दिलं. आजवर ताईने तिला कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्या भरवशावर धाकटी तिच्या ऑफिसात गेली. ताईने सगळं ऐकून घेतलं. हे काम दुसऱ्या कोणाला द्या, माझ्या बहिणीचं घर त्यात आहे, असं ती साहेबांना सांगून चुकली होती. पण दुसरं माणूसच नव्हतं. माती पुन्हा तपासली, तरी तेच निघालं.

"मग माझी भिंत तपासायला कधी येतेस?" धाकटीने विचारलं.

ताईने समोरची फाईल मिटली. "तपासली तर तुमचं तळघर बंद करावं लागेल. अख्ख्या गल्लीतली तळघरं. मग कुठे जाल?"

धाकटी उठून निघून आली.

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. वरची माती उचलून काँक्रीट ओततो, असं बिल्डरच्या माणसाने सांगितलं. काँक्रीटला चिरा जातात, पाणी खालून वर येतं, आणि मुलं धुळीतच खेळतात, असं ताई म्हणाली. लोक कुजबुजायला लागले. तेव्हा धाकटी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने बहिणीला वेगळ्या नावाने हाक मारली.

"मॅडम, माझ्या मुलीला आज श्वास घेता येत नाही. शिसं हळूहळू मारतं म्हणता ना? हळूहळू चालेल आम्हाला."

ताईने समोरच्या ग्लासाला हात लावला, पण पाणी प्यायली नाही.

"शिसं मुलांच्या मेंदूत जातं," ती म्हणाली. "एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. मी तिला तिथे राहू देणार नाही."

मुलांना म्हणायचं होतं, तिला म्हणून गेली. ते फक्त धाकटीच्या लक्षात आलं.

वसाहत नामंजूर झाली. बाहेर लोकांनी ताईला वाट्टेल ते बोलून घेतलं. हिला काय, हिचं घर आहे, असं कोणीतरी म्हणालं. धाकटीने ते ऐकलं आणि मान खाली घालून पुढे गेली. बहिणीची बाजू घेणं तिच्या जिवावर आलं, आणि त्याची लाजही वाटली.

पुढच्याच आठवड्यात पिटुकलीचे ओठ निळे पडले. नवऱ्याने तिला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. दुपारी ताई धावत आली आणि वॉर्डाच्या दाराशीच थबकली. आत जाऊ की नको, हे तिला कळेना. धाकटी बाहेर आली.

"ने तिला," ती म्हणाली. "तुझ्याकडे ऊन येतं. बरी झाली की परस्पर घेऊन जा. पण मला समजवायला येऊ नकोस."

ताईने नुसती मान हलवली. तिला रडू आवरत नव्हतं. धाकटीचे डोळे मात्र कोरडे होते.

ताईकडे गेल्यावर पिटुकलीचा खोकला कमी होत गेला. गालांवर रंग आला. धाकटी रोज काम आटोपून दोन बस बदलून तिथे जायची, तिला भरवायची, गोष्ट सांगायची आणि परत फिरायची. दोघी बहिणी तेवढ्यापुरतं बोलायच्या: औषध दिलं का, जेवली का. निघताना पिटुकली तिच्या साडीला लोंबकळायची, मला पण ने म्हणून हुंदके द्यायची. ताईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागायची.

एका संध्याकाळी पिटुकली रडली नाही. आईला हात हलवला आणि पुन्हा चित्र रंगवत बसली.

धाकटी जिना उतरली, थांब्यावर आली. बस आली नि गेली. दुसरीही गेली. शेवटी नवरा शोधत आला, शेजारी बसला. पिटुकली बरी आहे ना, असं त्याने विचारलं.

"बरी आहे," धाकटी म्हणाली, आणि मग तिला जे रडू फुटलं ते थांबेना.