रेवाला देव करताना

बटणाच्या कडेला रंग थोडा जाड बसला होता — डावीकडे, ब्रश उचलताना हात थबकला असेल तिथे — आणि तेवढ्या जागी केशरी लालसर झाला होता. सुषमानं ते खिडकीपाशी नेलं, उन्हात तिरपं धरलं. शेड बरोबर आली होती. देव्हाऱ्यातल्या शेंदराची चिमूट कागदाच्या पुडीत बांधून तिनं ती आपल्या नोकरीच्या, कापड रंगवणाऱ्या मिलच्या लॅबमध्ये नेली होती, आणि एखाद्या गिऱ्हाइकाच्या साडीसाठी जुळवावी तशी ती छटा जुळवली होती. खरा शेंदूर हाताला लागून निघून गेला असता. हा जाणार नव्हता. बाइंडर घालून, ओव्हनमध्ये ठेवून पक्का केलेला रंग. घासला तरी, साबणात उकळला तरी जाणार नाही, हे तिनं पारखून घेतलं होतं. पितळेचं बटण आता बटण वाटत नव्हतं. नदीकाठी कुणीतरी बसवलेली, पाण्याकडे तोंड केलेली देवी वाटत होती. रेवा... तिनं मनात म्हणून पाहिलं. जे वाटलं ते समाधान असावं, असं तिनं ठरवलं.

मागून आई येऊन उभी राहिली. कलाबाईंच्या हाताला पीठ होतं.

"हाऊ कोना देव शे?"

"खेळातला आहे, आई."

"खेयमा बी देव लागस का तुमले?" कलाबाई हसल्या. मग जवळ येऊन, डोळे बारीक करून त्यांनी बटण पाहिलं आणि पिठाचा हात कपाळाशी नेला — थट्टेनं की खरोखर, ते सुषमाला कळलं नाही.

खेळ तिच्या भावानं, योगराजनं, आणला होता. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलमधल्या कुणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाकडून आलेल्या नियमांच्या फोटोकॉप्या, निम्मी पानं पुसट. योगराजला वाचायचा कंटाळा, म्हणून सुषमानं वाचल्या, आणि जे दिसत नव्हतं ते स्वतःचं घातलं. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि जिथे काय होईल ते कुणालाच ठाऊक नसेल तिथे फासा टाकायचा. गोष्ट सांगणारी सुषमा. योगराज राजाचा सेनापती. हेमराज — समोरच्या चाळीतला, वराछाला हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंटीवर बसणारा — एक चोर, ज्याला चोरी जमत नसे. वीस पैलूंचा फासा त्यानंच काचेच्या तुकड्यातून घासून दिला होता. आणि विशाखा. कॉलेजात तीन वर्षं एकाच टेबलावर दोघींनी क्षार ओळखले होते; आता ती इच्छापोरच्या एका कारखान्यात पाणी तपासायची आणि रविवारी भेस्तानहून डिंडोलीला, सुषमाच्या घरी, यायची. ती रेवा होती, नावाडीण. प्रत्येकानं आपल्या माणसासाठी काहीतरी खूण आणायची होती, नकाशावर सरकवायला. हेमराजनं सुपारी आणली. विशाखानं वडिलांच्या रेल्वेच्या कोटाचं बटण आणलं, पितळेचं, अक्षरं झिजलेलं. "वडिलांकडनं मागून घेतलंय, हरवू नका हं," ती म्हणाली होती.

हरवलं तर नाहीच, सुषमा आता मनाशी म्हणाली, आणि बटण रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. उलट...

भेस्तानला जाणाऱ्या, सीटवारी चालणाऱ्या शटल रिक्षात ती कडेला बसली. उधन्याच्या बाजूनं येणाऱ्या टेम्पोंवर कापडाचे तागे रचलेले होते, आणि प्लेगच्या वर्षानंतर धुऊन काढलेले रस्ते पुन्हा हळूहळू आपल्या मूळच्या रंगावर येत होते. काय बोलायचं ते तिनं पाठ केलं होतं. विशाखा, तू दोन रविवार आली नाहीस. आम्ही ठरवलंय — मी ठरवलंय — की रेवा बुडाली खरी, पण मेली नाही. नदीनं तिला ठेवून घेतलं. आता दोन्ही तीरांवरचे लोक पाण्यात उतरण्याआधी तिचं नाव घेतात. हे सांगताना हेमराज खूश झाला होता. "रेवाला देवी बनावी दो, सुषमाबेन, पत्यू! मिटलं!" म्हणाला होता, कारण रेवा गेल्यापासून खेळात कुणी हसलंच नव्हतं.

हसणं. तेच तर... सुषमानं बाहेर पाहिलं. रेवा बुडाली त्या दिवशी खेळात राजाच्या देवाची सोन्याची मूर्ती रेवाच्या नावेतून पैलतीरावरच्या नव्या देवळात न्यायची होती. ते देऊळ, त्याची गोपुरं, त्याचा शिलालेख, सगळं तिनं कित्येक संध्याकाळी बसून रचलेलं. आणि विशाखानं वल्हं आडवं धरलं. "देवाचं तिकीट काढलंय का?" सेनापती म्हणाला, मूर्तीला तिकीट नसतं. "मग लगेज म्हणून टाकू. वजन करा." हेमराजच्या हातातला चहा सांडला. योगराज सेनापती असूनही हसत होता. मूर्तीला कुणी नमस्कार करेना, राजाचं कुणी ऐकेना, आणि सुषमाही हसत होती, तोंडानं. आत मात्र काहीतरी घट्ट होत चाललं होतं, जसं चुकीच्या तापमानाला द्रावण एकदम थिजतं. माझं राज्य आहे ते. ते मी लिहिलंय, आणि ही येते आणि दोन वाक्यांत ते तिचं होतं.

म्हणून वादळ आलं. वादळ नियमात बसत होतं. विशाखानं ताटात फासा टाकला आणि तो गडगडत जाऊन ताटाच्या काठाला टेकला, तिरपा. टेकलेला फासा पुन्हा टाकायचा, हा हेमराजचा नियम होता आणि सगळे तो पाळत. पण हेमराज सांडलेला चहा पुसत होता, योगराज फडकं शोधायला उठला होता. सुषमानं फासा उचलला. "दोन," ती म्हणाली. "रेवा बुडाली."

तिचा आवाज अगदी साधा होता. लॅबमध्ये रीडिंग सांगावं तसा.

विशाखानं बटण नकाशावरून उचलून नदीच्या निळ्या रेघेवर ठेवलं, चप्पल घातली आणि गेली.

भेस्तानला उतरताना सुषमाला तिचा काका आठवला. आठवला म्हणजे, ती जन्मण्याआधीच गेलेला. बिनलग्नाचा, विहिरीत. त्याला म्हणे दुपारभर कुणीतरी कशासाठी तरी बोललं होतं. कोण, ते घरात कधी सांगत नसत. मग घरात आजारपणं आली, आणि त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवला, त्याला वीर म्हणू लागले, होळीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या नावानं वाजत-गाजत नाचू लागले. लहानपणी तिला त्याचा अभिमान वाटायचा. आमच्या घरातला माणूस देव झाला. आज रूळ ओलांडण्याआधी, गाडी जायची वाट बघत फाटकाशी थांबली असताना, तिला पहिल्यांदा वाटलं की त्याला देव करताना कुणी विचारलं नसणार. देव केला म्हणजे त्याला काही सांगायचं उरत नाही. हात जोडले की झालं. त्यानं आता आपल्या मागं लागू नये, एवढंच आपल्याला हवं असतं...

मालगाडी लांब होती. परत फिरता आलं असतं. पण पाठ केलेलं भाषण होतं, आणि पर्समध्ये इतक्या निगुतीनं केलेली गोष्ट. निगुतीनं केलेलं चूक कसं असेल?

विशाखाचे वडील, पोपटकाका, ओट्यावर पेपर वाचत होते. आतल्या खोलीत बाबासाहेबांची आणि बुद्धाची अशा दोन तसबिरी शेजारी शेजारी. सुषमानं त्या पूर्वी किती वेळा पाहिल्या होत्या, पण आज तिच्या अंगावर काटा आला. हे मला माहीत होतं. या घरातून आजोबांनी सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, ही हकीकत विशाखानं मला कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून सांगितली होती, आणि मी म्हणाले होते, किती धैर्याचं काम. ते माहीत असून शेड जुळवताना, ओव्हनचा काटा बघताना, एकदाही डोक्यात आलं नाही. एकदाही? की आलं होतं आणि...

"ये पोरी. लई दिसांनी." काकांनी पेपरची घडी केली. "विशू, सुषमा आलीय. तुझं बटण आणलं का गं? मी म्हणलं हिला, बटण तिकडंच राहिलं वाटतं."

विशाखा पदराला हात पुसत बाहेर आली. सुषमानं रुमाल उघडला. पाठ केलेलं पहिलं वाक्य घशापर्यंत आलं, पण काकांचा हात आधी पुढे आला होता.

त्यांनी बटण तळहातावर घेतलं. चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ पाहिलं.

"याला शेंदूर कुणी फासला?"

आवाज चढलेला नव्हता. सुषमा बोलायला गेली. काका, ते खेळात असं आहे की रेवा... खेळात, रेवा, नदी, नाव घेतात. त्या ओट्यावर यातला एकही शब्द उभा राहू शकणार नव्हता.

"शेंदूर नाही, बाबा," विशाखा म्हणाली. "कापडाचा रंग आहे. हिच्या लॅबमध्ये सांडला. ती साफ करून आणणार होती, मीच म्हटलं राहू दे, तसंच आण."

"हां." ते सैलावले. हसलेसुद्धा. "मला वाटलं बटणाचा म्हसोबा केला कुणी. रंगच आहे तर निघंल की. रॉकेलनं निघतंय." ते बनियनच्या टोकानं बटण चोळू लागले. "कोट अजून धड आहे माझा. चौदा एप्रिलला घालतो. ही म्हणाली खेळायला पाहिजे, म्हणून दिलं काढून. सगळ्यात वरचं होतं."

ते चोळत राहिले. सुषमा बघत राहिली. कितीही चोळलं तरी काय होईल ते तिला माहीत होतं. विशाखालाही माहीत असणार, तीही केमिस्ट्रीच शिकली होती. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत त्या बोटांकडे बघत राहिल्या.

"चहा ठेवते," विशाखा म्हणाली.

"नको, मी निघते."

"मग फाटकापर्यंत येते."

वाटेत दारांपुढं कुणी मिरच्या वाळत घातलेल्या, कुणी मुलाला आंघोळ घालत होतं. मग विशाखा म्हणाली, "देवी केलीस ना रेवाची?"

"तुला कसं कळलं?"

"हेमराज भेटला होता स्टेशनावर. फार खूश होता." ती किंचित हसली. "एक सांग. देवीचा डाव कधी येतो?"

"म्हणजे?"

"म्हणजे योगराज बोलतो, मग हेमराज बोलतो. देवी कधी बोलते?"

सुषमानं प्रामाणिकपणे विचार केला. तिनं सगळं रचलं होतं — देवीचा घाट, देवीचा नैवेद्य, तिच्या नावाची शपथ. "लोकांनी हाक मारली की," ती म्हणाली.

"हाक मारली की. आणि काय बोलायचं ते तू ठरवणार."

"विशाखा, मला वाटलं तुला बरं वाटेल."

"हो, ते कळलं मला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर काहीतरी धरता आलं असतं. "फासा टेकलेला होता, सुषमा."

फाटकावरची घंटा वाजायला लागली. सुषमाच्या कानात ती फार मोठी झाली.

"तू पाहिलंस?"

"समोरच तर बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले," विशाखा म्हणाली. "मग चप्पल घालेपर्यंत थांबले. मग दोन रविवार."

बोलावं. आत्ता. चुकलं, एवढा एकच शब्द होता, आणि तो तोंडाशी आलाही. पण तो म्हणताच विशाखानं असू दे म्हणावं, ही अपेक्षाही त्याच्यासोबतच आली. आणि ओट्यावर ती नुकतीच आपल्यासाठी खोटं बोलली होती. तिच्याकडून आणखी किती घ्यायचं? गाडी धडधडत गेली. बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं.

"रविवारी..." फाटक उघडताना सुषमा म्हणाली.

"रेवा म्हणून नाही येणार. देवी म्हणून तर नाहीच."

"मग?"

विशाखानं येणाऱ्या रिक्षाला हात केला. "जागा आहे, बस पटकन," म्हणाली, आणि सुषमा आत बसेपर्यंत तिची पर्स धरून उभी राहिली.

रिक्षात एरवी तिच्या डोक्यात राज्य सुरू व्हायचं. रिक्षावाल्यानं गाणं लावलं की सैन्यं निघायची, कुणीतरी कुणाला फसवायचं, दिवे लागायचे. आताही ती नदी आली. वादळ ओसरलेलं, पाणी गढूळ. काठावर सेनापती होता, चोर होता, आणखी गावचे पुष्कळ, सगळे पैलतीराकडे तोंड करून. ती नेहमी हे वरून बघायची, कोण कुठे उभं आहे ते ठाऊक असल्यासारखं. आज तिला फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसत होती. चिखल पायाला गार लागत होता. पुढे काय होतं, ते तिला माहीत नव्हतं, आणि कुणीतरी पहिलं वाक्य बोलावं म्हणून तीही त्या सगळ्यांमध्ये, गप्प, उभी होती.