पांढरी मिराना

जयसिंगने शोरूमच्या फाटकासमोरून गाडी तशीच पुढे नेली आणि दोन दुकानं सोडून उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभी केली.

"पप्पा, आत पार्किंग आहे की," शेजारच्या सीटवरून दीक्षा म्हणाली.

"असू दे. इथं सावली आहे."

सावली कसली, एका खुरट्या झाडाच्या चार फांद्या होत्या. मागच्या सीटवर चिमाबाईने पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या मानेकडे एकदा बघितलं. रसवाला ज्ञानदेव यंत्र थांबवून पुढे आला.

"जय भीम, जयसिंगराव! आज ड्यूटी न्हाई?"

"जय भीम. पोरगी गाडी घेतीय," जयसिंग म्हणाला.

हे वाक्य गेल्या आठवड्यात त्याने इतक्या जणांना सांगितलं होतं, की ते न ऐकलेला माणूस थेरगावात शोधावा लागला असता. दर वेळी सांगताना अंगावर मूठभर मांस चढायचं. घराण्यात कुणी स्वतःच्या बसण्यासाठी गाडी घेतली नव्हती. त्याची स्वतःची गाडी होती, पण ती पोटासाठी. पिवळ्या नंबरप्लेटची पांढरी मिराना. हिंजवडीच्या कंपन्यांना लावलेली, रात्रीच्या शिफ्टच्या मुलींना घरी सोडणारी. दीक्षाची गाडी पांढऱ्या पाटीची येणार होती. चाकणच्या ज्या कंपनीत ती क्वालिटीला इंजिनिअर होती, तिथल्या फाटकातून ती गाडी घेऊन आत जाणार, हे चित्र तो रोज अंथरुणावर पडल्या पडल्या बघायचा. फक्त त्या चित्रातली गाडी लाल होती, आणि ती मिराना नव्हती.

निवड दोन गाड्यांत होती. दोन्ही एकाच मापाच्या, दोन्ही त्यांच्या आवाक्यातल्या. मागच्या रविवारी त्यांनी सेरिन बघितली. समोर टीव्हीएवढा स्क्रीन, छताला उघडणारी काच. चिमाबाईने वर बघून विचारलं होतं, "छताला खिडकी कशाला? खाली ऊन कमी पडतंय का?" पण जयसिंगला सेरिन एका गोष्टीसाठी पसंत पडली होती, आणि ती गोष्ट माहितीपत्रकात कुठेच छापलेली नव्हती. सेरिन टॅक्सीत चालत नव्हती. मिराना मात्र दर चौकात पिवळी पाटी लावून उभी असायची.

दीक्षाला मिराना बघायचीच होती. मग जयसिंगने आठवडाभर आपल्याच गाडीची निंदा आरंभली. आपला तो बाब्या म्हणणारा माणूस बाब्याला कार्टं ठरवायला बसला.

"पिकअप नाही तिला," तो आता चालता चालता म्हणाला. "आणि एसी म्हणजे नुसता पंखा. उन्हाळ्यात जीव जातो."

"सगळ्यांना सांगत फिरता, माझा एसी म्हंजे काश्मीर हाय म्हनून," चिमाबाई म्हणाली.

"तू गप बस."

"पप्पा, खरं सांगा, काय अडचण आहे?" दीक्षाने विचारलं.

जयसिंग फाटकापाशी थांबला. आत काचेपलीकडे गाड्या लखलखत होत्या.

"मागच्या दिवाळीत तुझ्या कंपनीवर आलो होतो. तू माझ्याशेजारी बसलेली, आणि तुझ्या त्या साहेबानं काचेवर टकटक केलं. भैया, पिंपळे सौदागर चलोगे?"

"मी लगेच सांगितलं ना त्यांना, हे माझे वडील आहेत म्हणून. ते माफी पण मागून गेले."

"मला रोज दहा जण भैया म्हणतात. मला काय त्याचं? पण उद्या तू सिग्नलला उभी राहशील आणि कुणीतरी मागचं दार उघडून बसेल, मॅडम चला म्हणून. तुझ्या गाडीचं दार असं कुणी उघडता कामा नये. शिकलीस, साहेबीण झालीस, आणि परत टॅक्सीच घेतली म्हणतील. ड्रायव्हरची पोरगी ती ड्रायव्हरचीच." त्याने आवाज खाली आणला. "आणि घ्यायचीच असली, तर पांढरी तर नकोच. एवढं तरी माझं ऐक."

दीक्षाने पुढे होऊन काचेचं दार ढकललं आणि आईवडिलांसाठी धरून ठेवलं.

आत गणराज नावाचा विक्रेता होता, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात गोडवा. काका, काकू, मॅडम, पाणी घ्या, बसा. दीक्षाने मोबाइलवर दोन्ही गाड्यांचं इतकं वाचलं होतं, की गणराजचं पाठ केलेलं भाषण अर्ध्यातच संपलं. चिमाबाईने डिकी उघडायला लावली, आत वाकून बघितलं आणि समाधानाने म्हणाली, "हिच्यात कायतरी ठेवायला तरी येतंय. आमच्या ह्यांच्या..." जयसिंगने तिच्या कोपराला हात लावला. सीएनजीच्या टाकीने डिकी खाल्लेली गाडी कुणाची असते, हे गणराजला लगेच कळलं असतं. चिमाबाईने पुढचे शब्द गिळले.

"एक चक्कर मारून येऊ या का?" गणराजने विचारलं.

चकरेची मिराना बाहेर आणून उभी केली होती. जयसिंगचे पाय सवयीने उजव्या बाजूच्या पुढच्या दाराकडे वळले. त्याने हँडलला हातही घातला.

"काका, मॅडम चालवतील ना? तुम्ही मागे बसा आरामात."

तो ओशाळून मागे आला. दार उघडून चिमाबाईशेजारी आत बसला आणि जरा वेळ त्याला हात कुठे ठेवावेत हेच कळेना. वर्षानुवर्षं मिराना चालवली, धुतली, पुसली, पण मागच्या सीटवर तो कधी बसला नव्हता. गुडघ्यांपुढे जागा होती. पाठ मऊ टेकत होती. इतकी माणसं आपण ज्या जागी बसवून नेली ती जागा अशी असते, असं त्याच्या मनात आलं. समोर दीक्षाची घट्ट वेणी दिसत होती, तिच्या शेजारी गणराज.

दीक्षाने सीट पुढे घेतली, पट्टा लावला, बाजूचे आरसे नीट केले. मग मधला आरसा एका बोटाने वर ढकलला. गाडी झटका न देता निघाली. डांगे चौकाच्या गर्दीतून तिने ती अलगद काढली आणि रावेतच्या मोठ्या रस्त्याला लावली. एका रिक्षावाल्याने मध्येच तोंड घातलं, तर तिने न चिडता त्याला जाऊ दिलं. जयसिंगचा उजवा पाय उगाच ब्रेक शोधत होता. पण पोरगी सुरेख चालवत होती. कुणालाही सांगावं इतकी सुरेख.

"मॅडम, हात एकदम साफ आहे तुमचा," गणराज म्हणाला. "फक्त हा आरसा फार वर गेलाय. मागच्या काचेची वरची कडच दिसत असेल तुम्हाला." तो नीट करायला त्याने हात उचलला.

"राहू दे. मला असाच सवयीचा आहे. बाजूच्या आरशांत दिसतं."

"असा ठेवायला कुणी शिकवलं? क्लासवाल्यानं?"

"पप्पांनी."

गणराज हसत मागे वळला. "काका, तुम्ही पण चालवता का? कुठली गाडी आहे तुमची?"

एवढी लांब गाडी लावली, बायकोचं तोंड दाबलं, आणि प्रश्न शेवटी आलाच. जयसिंग खिडकीबाहेर बघू लागला.

"आहे एक. जुनी."

"मिरानाच आहे," पुढून दीक्षा म्हणाली. "पिवळ्या प्लेटची. पप्पांची स्वतःची. हिंजवडीच्या रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडतात ते."

आपल्या कंपनीचं आणि हुद्द्याचं नाव सांगताना ती जशी बोलायची, तशीच बोलली. आवाज जरासुद्धा खाली आणला नाही.

"मुली दमलेल्या असतात. डोळा लागतो त्यांचा. समोरच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसत राहिले तर झोप कशी येणार? म्हणून पप्पा आरसा वर करून ठेवतात. मी त्याच गाडीवर शिकले. मला वाटायचं, सगळ्यांचाच आरसा असा असतो."

गणराजने उचललेला हात मांडीवर ठेवला.

"तुला कुणी सांगितलं हे?" जयसिंगने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच निराळा वाटला. ही गोष्ट त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. चिमाबाईलाही नाही. यात सांगण्यासारखं काही आहे, असंच त्याला वाटलं नव्हतं.

"सांगायला कशाला पाहिजे? त्या दिवशी माझा ओव्हरटाइम झाला, बस चुकली. नाशिक फाट्याला तुम्ही मला गाडीत घेतलंत, आठवतंय? पुढची सीट भरलेली होती, म्हणून मी मागे बसले त्या मुलींबरोबर. एक जण माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. ओळख ना पाळख. मी वर बघितलं तर आरशात नुसतं छत. तुमचं सगळं लक्ष रस्त्यावर." तिने गियर बदलला. "मी तेव्हाच ठरवलं, गाडी घेईन तर हीच. लोक मागे बसले तर बसू देत, पप्पा. मी सांगेन त्यांना, ही टॅक्सी नाही. पण टॅक्सीवाल्याच्या मुलीची आहे, हेही सांगेन."

चिमाबाई म्हणाली, "तरीच ह्यांच्या गाडीत बसलं की मला बी झोप येती. मला वाटायचं, वय झालं."

गणराज मोकळेपणाने हसला. जयसिंगला हसता आलं नाही. पोरीच्या माथ्यावर आपल्या धंद्याचा शिक्का बसू नये म्हणून तो आठवडाभर धडपडत होता, आणि ही पोरगी तो शिक्का हौसेने मिरवायला निघाली होती. तिने गाडी वळवून परत चौकाच्या दिशेला घेतली, तेव्हा तो पुढे वाकला.

"दीक्षा, आरसा खाली घे."

"का?"

"मागं घरची माणसं आहेत आज. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"गाडी कोण चालवतंय ते."

दीक्षाने हात वर करून आरसा खाली ओढला. त्यात आधी मागची काच आली, मग जयसिंगचे पिकलेले केस, मग त्याला तिचे डोळे दिसले. ते रस्त्यावरच होते, जसे असायला हवेत तसे. जयसिंग पाठ टेकून नीट बसला. परत येईपर्यंत त्याची नजर आरशावरून हलली नाही.

शोरूममध्ये गणराजने रंगांचे तुकडे चिकटवलेला पुठ्ठा टेबलावर ठेवला. "लाल छान दिसतो, मॅडम. निळाही खूप जातो. काका मघाशी लालच बघत होते."

दीक्षाने पुठ्ठा वडिलांपुढे सरकवला. "पप्पा, तुम्ही म्हणाला होतात ना, एवढं तरी माझं ऐक म्हणून? रंग तुमच्या पसंतीचा."

"पांढरी," जयसिंग म्हणाला.

चिमाबाईने कपाळाला हात लावला. "आता काय म्हनावं ह्या मानसाला!"

बाकीचं बोलणं दीक्षावर सोपवून जयसिंग बाहेर पडला. रसाच्या गाड्याशेजारून त्याने गाडी काढली, फाटकातून आत घेतली आणि थेट शोरूमच्या काचेसमोर, नव्या गाड्यांच्या रांगेला लावून उभी केली. रखवालदार शिट्टी वाजवत धावत आला.

"ओ टॅक्सी! इथं न्हाई, इथं न्हाई! कुणाला न्यायचंय?"

"माझ्या माणसांना," जयसिंग म्हणाला आणि इंजिन चालूच ठेवलं.

दीक्षा आणि चिमाबाई बाहेर आल्या, मागोमाग गणराज निरोप द्यायला आला. त्याने हाताने रखवालदाराला परत पाठवलं. चिमाबाई मागे बसली, दीक्षा वळसा घालून पुढे बसली. गणराजने गाडीकडे मागून पुढून बघितलं. रंग कुठे उडालेला नव्हता. डॅशबोर्डवरची बोटभर बुद्धमूर्ती नुकतीच पुसल्यासारखी स्वच्छ होती.

"एवढी चाललेली वाटत नाही, काका. मस्त ठेवलीय."

"या की, आत हात घालून बघा जरा," जयसिंग म्हणाला. "एसी बघा."

गणराजने वाकून खिडकीतून हात आत घातला आणि हवेच्या झोताजवळ धरला. "बाप रे. एकदम गार आहे की."

"सकाळी तर नुसता पंखा हाय म्हनत होता," मागून चिमाबाई म्हणाली.

"ते सकाळचं," जयसिंग म्हणाला.