कोळवणच्या बंद घराजवळचा वेलगुलाब

मी वेलगुलाब बोलतोय. नावात वेल असली तरी मला स्वतःहून काही धरता येत नाही. काकडीच्या वेलीसारखे आधाराला गुंडाळणारे ताणे मला नाहीत. कुणी फांद्या वाकवून बांधल्या तरच मी चढतो.

रोपवाटिकेतून मला कोळवणला आणलं वृषालीताईंनी. नवरा गेला, शाळेतली नोकरी संपली, तशा त्या इथल्या घरात एकट्याच राहायला आल्या होत्या. सैपाकघराच्या खिडकीसमोर, कुंपणाच्या जाळीलगत त्यांनी खड्डा घेतला, शेणखत भरलं आणि मला लावलं.

सुरुवातीला मी नुसताच उंच गेलो. फुलं आली ती शेंड्याला, आणि तीही जाळीपलीकडे, अनुसयाबाईंच्या अंगणात. त्याही एकट्याच. मुलं शहराकडे गेलेली, भाताची खाचरं त्याच बघायच्या. ताईंशी त्यांचं बोलणं मान हलवण्यापुरतंच होतं.

एके सकाळी त्या पदरात पाकळ्या घेऊन फाटकाशी आल्या.

"ताई, तुमची फुलं माझ्या अंगणात गळत्यात. तुमचं हाय ते तुमाला आणलं."

ताई हसल्या. त्यांनी अनुसयाबाईंना घरात बोलावलं. पाकळ्या ओट्यावर राहिल्या आणि दोघी दुपारपर्यंत बोलत बसल्या.

फांदी आडवी बांधली की तिच्या डोळ्याडोळ्याला, प्रत्येक कोंबाला, फूल येतं, हे ताईंना कुठूनसं कळलं होतं. मग पाऊस सरला की दरवर्षी तेच काम. अनुसयाबाई फांदी वाकवून धरायच्या, ताई सुतळीची गाठ मारायच्या. वाळकी फांदी कापायची का हिरवी, यावर दोघींचं दरवर्षी भांडण व्हायचं आणि दरवर्षी चहाने मिटायचं. मी जाळीभर फुलायचो.

मग ताई विसरायला लागल्या. मला पाणी घालून आत जायच्या आणि लगेच पुन्हा बादली घेऊन यायच्या. दूध रोज उतू जायचं. एकदा तर हातात कात्री घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि ही कशाला आणली, ते त्यांना आठवेना. अनुसयाबाईंनी कात्री हळूच काढून घेतली आणि ताईंच्या मुलाला, निषादला, फोन केला. तो येऊन ताईंना भूगावच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. जाताना त्याने घराला कुलूप लावलं.

आमच्या मुळशी तालुक्यातला धो-धो पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या पानांवर काळे डाग पडले, पानं झडली. सुतळी कुजली आणि फांद्या जमिनीवर आल्या. उन्हाळ्यात अनुसयाबाई जाळीवरून पाणी ओतायच्या, पण फांद्यांना हात लावायच्या नाहीत. ताई आल्या की बघतील, एवढंच म्हणायच्या. खिडकी रोज समोर दिसायची, आणि ती रोज बंद असायची.

यंदा थंडीत मला थोडी फुलं आली. अनुसयाबाईंनी ती तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एसटीने भूगावला गेल्या. संध्याकाळी परतल्यावर त्या घरात न जाता जाळीशी येऊन बसल्या.

"वळखलं न्हाई रं मला," त्या म्हणाल्या. "कोन पाहिजे, म्हनल्या. फुलं मातूर हातातनं सोडंनात. काटा रुतला, रगत आलं, तरी मूठ उघडली न्हाई."



घरी वेलगुलाब लावणार असाल तर जरूर लावा. ऊन द्या, शेणखत द्या. पण फांदी एकाने धरावी आणि गाठ दुसऱ्याने मारावी लागते. शेजारी असं कुणी असेल, तर त्यांना आजच हाक मारा.

काल अनुसयाबाई नवी सुतळी घेऊन आल्या. माझी सगळ्यात लांब फांदी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, वाकवून जाळीला टेकवली आणि मान न वळवता म्हणाल्या, "बांधा, ताई."

मग ती फांदी तशीच धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.