चाकामागचा दगड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मी सांगतो तसा एक रस्ता मनात आणा. निपाणीतून निघालेला, धुळीने भरलेला. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेते. पुढे तवंदीचा घाट. त्या घाटात एक जुनी मोटार चढते आहे, इतकी हळू की तुम्ही तिच्या बाजूने गप्पा मारत चालू शकाल. आतली माणसे खाली उतरून तिला मागून ढकलत आहेत. आणि त्या सगळ्यांच्या मागून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी चालली आहे, पोटाशी एक दगड धरून. दिसली? आता डोळे उघडलेत तरी चालेल, पण त्या मुलीला विसरू नका.

तिचे नाव बायाक्का. मोटार तिच्या वडिलांची, कल्लाप्पाची. निपाणी ते संकेश्वर अशी ती उतारू नेत असे. घाटात कुठेतरी इंजिनाचा दम संपायचा आणि मोटार मागे घसरू लागायची, कारण ब्रेक नावालाच उरले होते. ती फार घसरायच्या आत बायाक्का पुढे धावायची आणि दगड मागच्या चाकाला लावायची. मग सगळे थांबायचे. इंजिन थोडे शांत व्हायचे, माणसे घाम पुसायची, आणि पुन्हा "हां, लावा जोर!" मोटार हलली की बायाक्का दगड उचलून पुन्हा मागून चालू लागायची. शाळा सुटल्यावर तिचे हेच काम होते, आणि ते तिला फार आवडायचे.

मोटार पहिल्यापासून अशी नव्हती. बायाक्काचा जन्म व्हायच्या आधी कल्लाप्पाने बैलजोडी आणि गाडी विकून ती बेळगावच्या कॅम्पातल्या एका साहेबाकडून घेतली होती. तेव्हा ती तवंदीचा घाट असा चढायची की मागे बसलेल्यांचे पटके उडायचे. कल्लाप्पा तिला रोज पुसायचा. खंडेनवमीला ताराबाई, म्हणजे त्याची बायको, तिला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची आणि चाकाखाली लिंबू ठेवायची.

पण मोटार किती वर्षे ठेवायची आणि कधी काढायची, हे कल्लाप्पाला कुणी शिकवलेच नव्हते. बैलाचे त्याला सगळे कळत होते. मष्णू नावाचा त्याचा मित्र बैलांचा व्यापारी होता. तो एकदा मोटारीभोवती फिरून म्हणाला होता,

"कल्लाप्पा, बैल कवा इकायचा सांग बघू?"

"वढतोय तवर. बसला की कोण घेतंय?"

"मग ही कवा इकनार?"

"हिला काय झालंय? वढतीया की!"

"तेच म्हंतोय मी! बैलाचं दात बघून कळतंय. हिचं तोंड कुठल्या बाजूला हाय तेवढं सांग, मी दात बघून देतो."

सगळे हसले. कल्लाप्पाही हसला. पण ती गोष्ट त्याच्या मनात राहिली.

मग एका पावसाळ्यात बेळगावच्या खडेबाजारातला मोटारींचा एजंट मारुतीराव स्वतः निपाणीला आला. त्याने इंजिन ऐकले, टायर दाबून पाहिले आणि म्हणाला, "आप्पा, हिला अजून मोल आहे तोवर मला द्या. मुंबईहून एक नवी मोटार येते आहे, ती तुम्हाला देतो. आज हो म्हणा."

कल्लाप्पा हो म्हणणारच होता. पण तो अधिक महिना होता. पंचांगात दर तीनेक वर्षांनी एक जादा महिना येतो, आणि त्यात आपल्याकडे नवी वस्तू घरात आणत नाहीत. ताराबाई दारातूनच म्हणाली,

"आवं, ह्या म्हयन्यात? पायपुसनं सुदिक आनत न्हाईत, आनि तुमी मोटार आनताय?"

"मग पुढच्या म्हयन्यात घेऊ," कल्लाप्पा म्हणाला.

पुढच्या महिन्यात अडचण काहीच नव्हती. पण आता त्याच्या डोक्यात आले की इतके थांबलोच आहोत, तर सरळ दसऱ्यालाच घ्यावी. खंडेनवमीला जुनीची शेवटची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी नवीला माळ घालायची. पोटच्या पोरीला सासरी पाठवतात तशी जुनीला मानाने वाटेला लावायची. त्याने मारुतीरावाला तसे कळवले.

तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते? बहुतेक हेच केले असते. आपले सगळे लोक हेच करत आले आहेत.

गणपतीच्या आधीच विलायतेत लढाई लागली. दसऱ्याला कल्लाप्पा धुतलेले धोतर नेसून खडेबाजारात गेला, तेव्हा मारुतीरावाने त्याला चहा पाजला आणि सांगितले, "ती मोटार दुसऱ्याने नेली, आप्पा. आता पुढची कधी येईल, देवाला ठाऊक. मी तुम्हाला म्हटलं होतं."

पुढची आलीच नाही. ज्या आल्या त्या लष्कराकडे गेल्या. मग टायर मिळेनासे झाले, मग पेट्रोल मोजून मिळू लागले. शेवटी कल्लाप्पाने सगळ्यांसारखीच मोटारीच्या मागे कोळशाची टाकी बसवली. कोळसे पेटवायचे, त्यांचा वायू इंजिनात सोडायचा, आणि त्यावर मोटार चालायची. चालायची खरी, पण जोर निम्मा. तेव्हापासून घाटात माणसे उतरू लागली आणि बायाक्काच्या हातात दगड आला.

त्या लढाईच्या दिवसांतच एका पावसाळ्याअखेर बातमी आली की बेळगावहून मोटारी तपासणारा साहेब येणार. दुसऱ्या एका घाटात कुणाची तरी गाडी मागे घसरून माणसे दगावली होती. आता प्रत्येक मोटारीने भरल्या उतारूंनिशी घाट चढून दाखवायचा. ढकलायचे नाही, दगड लावायचा नाही. चढली तर लायनीवर राहील, नाही तर तिचा नंबर काढून घेणार.

त्या रात्री सगळे जेवायला बसले. ताराबाई मधूनमधून खोकत होती. ती तंबाखूच्या वखारीत पाने निवडायला जायची, आणि तंबाखूची धूळ तिच्या छातीत बसली होती. शेवटी तीच म्हणाली, "मोटार बंद झाली तर बायाक्काला माझ्यासंगं न्यावं लागंल. मुकादम इचारत हुता परवा. ल्हान बोटं चांगली चालत्यात म्हनं."

कल्लाप्पाने ताट बाजूला सारले. शेजाऱ्यांच्या मुली वखारीतून परत येताना त्याने पाहिल्या होत्या. केसांपासून पायांपर्यंत पिवळट, आणि खोकत.

"मोटार चढंल," तो म्हणाला.

पुढचे दिवस त्याने इंजिन उघडून साफ केले. ब्रेकला नवे चामडे शिवून लावले. नीट वाळलेला, चाळून घेतलेला कोळसा आणला. आणि तपासणीच्या सकाळी बायाक्काला समोर बसवून सांगितले,

"आज तू यायचं न्हाईस. शाळंत जा."

"आनि घसरली तर?"

"घसरत न्हाय. आनि दगूड तर अजाबात लावायचा न्हाय. सायबानं बघितला की संपलं. कळलं न्हवं?"

"व्हय आप्पा."

साहेब वेळेवर आला. वयस्क, चष्मेवाला, बोलायला सरळ माणूस. तो पुढे कल्लाप्पाशेजारी बसला. मागे साहेबाचा शिपाई आणि भर म्हणून शेजारीपाजारी बसले होते. मष्णू होता, आणि दही विकणारी अंबुबाईही होती.

"आज उतरायचं न्हाय म्हनं," अंबुबाई म्हणाली. "इतकी वर्सं दाम देऊन चालत गेले. आज फुकट, तर बसून!"

"आक्का, तू तेवढा श्वास कमी घे," मष्णू म्हणाला. "तेवढाच भार हलका."

कल्लाप्पा हसला नाही. त्याचे कान इंजिनाकडे होते. मोटार निपाणी सोडून निघाली, आणि खरेच सांगतो, घाटाची पहिली चढण तिने छान काढली. साहेबाने मान हलवली. दुसरे वळणही निघाले. कल्लाप्पाला वाटू लागले की ही आज त्याचे ऐकते आहे. त्याने मनातल्या मनात तिला शब्द दिला की एवढे एकदा चढ, मग तुला विश्रांती.

शेवटच्या वळणाआधी आवाज बदलला. तो आवाज त्याला ओळखीचा होता. त्याने गियर खाली ओढला. मोटार थरथरली, वीतभर पुढे गेली, आणि थांबली. कल्लाप्पाने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. क्षणभर तिने धरले. मग नवे चामडे सरकले आणि मोटार मागे निघाली.

अंबुबाई ओरडली. मागे दरी होती. कल्लाप्पाला स्टेअरिंग कुठे फिरवावे ते सुचेना. एवढ्यात मागून कसलातरी धक्का बसला आणि मोटार जागच्या जागी उभी राहिली.

सगळे उतरले. मागच्या चाकाला दगड होता. त्याच्या शेजारी बायाक्का रस्त्यातच बसली होती, धुळीने माखलेली, धापा टाकत. शाळेत न जाता ती घाटाच्या पहिल्या चढणीपासून, दगड पोटाशी धरून, झाडीच्या कडेकडेने मोटारीमागे पळत आली होती.

"मी लावनार न्हवते, आप्पा," ती म्हणाली. "पर ती घसराय लागली."

कल्लाप्पाला एक क्षण तिचा राग आला. वाटले, थोडे थांबली असती तर ब्रेक लागलाही असता. तसे झाले नसते, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी राग आला, आणि मग त्या रागाचीच त्याला लाज वाटली.

साहेबाने बायाक्काच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो कल्लाप्पाकडे वळला. "ही पोर नसती तर आपण सगळे खाली असतो. नंबर मला काढून घ्यावा लागेल. ही मोटार तुम्ही लढाईच्या आधीच बदलायला हवी होती."

"घेनार हुतो सायब," कल्लाप्पा म्हणाला. "तवा अधिक म्हयना हुता."

साहेबाने शिपायाला खूण केली. त्याने नंबराची पाटी काढली. ते दोघे घाट उतरून चालत गेले. त्यांच्यामागून बाकीचेही निघाले. अंबुबाई जाताना बायाक्काच्या गालाला हात लावून गेली. मष्णू म्हणाला, "बैल घिऊन येतो. खाली न्यायला लागंल हिला." आणि तोही गेला.

कल्लाप्पा फूटबोर्डवर बसला. टाकीतले कोळसे अजून धुमसत होते. विझवायला हवे होते, पण तो उठला नाही.

"आप्पा," थोड्या वेळाने बायाक्काने विचारले, "उद्या शाळंला जायाचं न्हवं?"

तो रस्त्याकडे बघत राहिला. खाली निपाणी दिसत होती, वखारींची लांबलचक छपरे दिसत होती.

बायाक्काने त्याच्याकडे पाहिले. ती पुन्हा विचारणार, असे त्याला वाटले. पण ती उठली. मोटारीच्या मागे गेली आणि वाकून चाकाकडे बघू लागली. उतारावर दगड थोडा सरकला होता. तिने तो पायाने घट्ट केला. मग ती रस्त्याच्या कडेला गेली, तिथला एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरून आणला, आणि दुसऱ्या चाकाला लावला.