पडद्यावर मेलेल्या पेशी

वाघोलीच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर मायक्रोस्कोपखालच्या तांबूस पेशी थरथरत होत्या. आनंदसरांनी काचपट्टीवर एक थेंब सोडला, अन् पाहता पाहता पेशी फुगल्या, विरल्या, नाहीशा झाल्या. टाळ्यांनी छत दणाणलं. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं लटकवलेली आयटीतली पोरंही मोबाइलवर शूटिंग करत होती.

"कॅन्सरचं जीन सायलेंट!" पांढऱ्या कोटातले आनंदसर गर्जले. "जीन गप्प, पेशी खल्लास! केमो नको, केस गळणं नको. रोज सकाळी जिभेवर थेंब!"

पडद्यावरचं रक्त इंदुबाईंचं होतं. मागच्या रांगेत त्यांची भाची दीक्षा बसली होती. तिला या तमाशाची किळस आली होती. मावशीनं छातीतल्या गाठीवरची केमो अर्ध्यावर सोडली होती. छप्पन साली आजोबांनी बौद्ध धम्म घेतला, देव्हारा उचलला, तेव्हापासून घरात ना अंगारा शिरला, ना गंडादोरा. कुणी भस्म दिलं असतं तर मावशीनं त्याच्याच तोंडावर फेकलं असतं. या भामट्यानं मायक्रोस्कोप पुढं केला, अन् मावशी भाळली.

दीक्षा कॅन्सरच्या पेशींवरच संशोधन करायची. ती उठून पुढं गेली. "सर, माझंही रक्त बघता?"

"अवश्य ताई! विज्ञान कुणाला नाही म्हणत नाही."

बोट टोचून झालं. सर आपली बाटली उचलणार, तोच दीक्षानं पर्समधल्या बाटलीतला थेंब काचपट्टीवर सोडला. पेशी फुगल्या, विरल्या, नाहीशा झाल्या.

"काय टाकलंत?"

"घरचं पिण्याचं पाणी."

"म्हणजे... तुम्हालाही कॅन्सर असणार!"

"असं? मग आपलंही बोट द्या की."

सरांचा हात कोटाच्या खिशात गेला, तो बाहेर आलाच नाही.

दीक्षा लोकांकडे वळली. "या तांबड्या रक्तपेशी. रक्ताला खारटपणा असतो. साधं पाणी मिसळलं की ते पेशीत शिरतं, पेशी फुगून फुटते. कुणाचीही. आणि या पेशींत जनुक ठेवायला केंद्रकच नसतं. घरात माणूसच नाही, हे गप्प कुणाला करतायत?"

"मग जीन गप्प करणं खोटंच का गं?" पुढच्या रांगेतून इंदुबाईंनी विचारलं.

"नाही मावशी, ते खरं आहे. पेशीला मरू न देणारं जनुक, म्हणजे जीन, गप्प केलं, तर कॅन्सरची पेशी मरू शकते. आम्ही प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ते करतो. पण माणसाच्या अंगात नेमक्या त्याच पेशीपर्यंत औषध पोचवणं फार अवघड. तुझ्या गाठीवर आज ते नाही. केमो आहे."

इंदुबाईंनी पिशवीतली थेंबांची बाटली काढली, फरशीवर ओतली.

"काल अंघोळीत गाठ मोठी लागली हाताला," त्या हळूच म्हणाल्या. "बोलले नाही. गेल्या वेळीही पडद्यावर मेली होती ना." मग दीक्षाचा हात धरून त्यांनी जात्यावरच्या सुरात एक ओवी जुळवली:

"डोळ्यांनी देखलं, तरी पारखून घे गं बाई,
मृगजळाच्या काठी कधी घागर भरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी दवाखान्यात होत्या.

बाबांनो, भगव्या कफनीला जे प्रश्न विचारता, तेच पांढऱ्या कोटालाही विचारा. आणि पडद्यावर चमत्कार दिसला, तर टाळी वाजवण्याआधी घरचं पाणी टाकून पाहा.